टोकन घ्या, बाजूला बसा

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला ताटकळत बसण्याची सवय नसते, बसवण्याची असते. त्यामुळे पुतण्याने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून दिलं आणि त्यातल्या काळ्या खिडकीत मी ‘एक्सक्लॉक’ असा हुकूम टाइप केला, तेव्हा माझा सरळसरळ अपमान झाला. काट्यांचं घड्याळ आलं, झोकात आलं. पण काळी खिडकी मुकी झाली. काही सांगा, ढिम्म! घड्याळ मिटेपर्यंत ती पुढचं गिऱ्हाईक घेणार नव्हती.

पुतण्याला फोन लावला. “काका, शेवटी अँड द्या. ‘अमुक अँड सन्स’च्या पाटीवर असतो ना, तो वेटोळा.”

दिला. घड्याळ आलं आणि काळ्या खिडकीने कंसात १ व शेजारी एक लांबडा नंबर छापून दिला. मी खुर्चीतून उठलोच. अहो, हे तर टोकन! चेक घ्यायचा, पितळी बिल्ला हातावर ठेवायचा, ‘बाजूला बसा’ म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. केन थॉम्सन आणि मंडळींच्या युनिक्सने ही युक्ती १९७० च्या सुमारासच बसवली होती. लिनक्स १९९१ चं. त्याला ती वारशाने मिळाली.

चित्रांच्या खिडक्या मात्र नंतरच्या. स्टॅनफर्डमध्ये ‘व्ही’ नावाची एक यंत्रणा होती, तिच्यासाठी ‘डब्ल्यू’ नावाची खिडकी-व्यवस्था झाली. एमआयटीच्या बॉब शाइफलरने जून १९८४ मध्ये सहकाऱ्यांना कळवलं की दोनेक आठवडे खपून मी नवी केली आहे, डब्ल्यूमधला बराच माल ढापला आहे, आणि नाव ‘एक्स’. बारशाचा खर्च शून्य. (एवढ्या मोकळेपणाने ढापल्याचं लिहून देणारा मनुष्य आमच्या ऑडिटला कधी भेटला नाही.) १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि तिने पुढे दशकं रेटली. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्गने ‘वेलँड’ सुरू केलं. आता पुष्कळ ठिकाणी तेच आहे, पण जुन्या एक्सवाल्यांसाठी त्यानेही एक दुभाषा ठेवला आहे.

एक्समध्ये सगळं उलटं. सर्व्हर म्हणजे आपल्यासमोरचा पडदा सांभाळणारा. प्रोग्रॅम हा त्याचा अशील, ‘इथे रेघ मारा, तिथे काटा काढा’ म्हणून अर्ज करणारा. तो दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावरही चालत असेल. म्हणून काळी खिडकी स्वतः काही काढत नाही. ती प्रोग्रॅमला उठवते आणि ‘डिस्प्ले’ नावाची पत्त्याची चिठ्ठी हातात देते. पत्ता कोरा असला की ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ असा शेरा मारून प्रोग्रॅम माघारी. हा शेरा मला फार आपला वाटला.

टोकन मिळालं म्हणून मी निर्धास्त झालो. आमचे हेडकॅशियर निवृत्त होणार होते, निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. अँड लावून लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला, रात्री बारापर्यंत दोन पानं लिहिली, आणि आता हिचं काय काम म्हणून काळी खिडकी मिटली. भाषणासकट सगळं गेलं. सेव्ह? ते सकाळी करणार होतो.

पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही फोन ठेवलात!” पूर्वी दूरच्या कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेवरून जोडून घेत. तार तुटली की चालू कामांना ‘हँगअप’ म्हणून इशारा जाई आणि ती गाशा गुंडाळत. आज तार नाही, पण खिडकी मिटली की तोच इशारा जातो. तो ऐकू नको, असं आधी बजावायला ‘नोहप’ नावाचा हुकूमही आहे. हे मला रात्री साडेबाराला कळलं.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या हातांनी उभा राहिलो. दोन पानांतलं एकच आठवलं: शाखेतली टोकनं बंद झाली त्या संध्याकाळी हेडकॅशियरांनी पेटी परत केली, तेव्हा शंभरच्या शंभर बिल्ले जागेवर होते. तेवढं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.