निद्रा : आयुर्वेदातील विचार व आचार

शरीर तोलून धरणाऱ्या तीन उपस्तंभांपैकी एक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, आहार, स्वप्न (म्हणजे झोप) आणि ब्रह्मचर्य असे हे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. झोपेचे सविस्तर विवेचन मात्र एकविसाव्या, अष्टौनिंदितीय अध्यायात येते, तेही अतिस्थूल आणि अतिकृश माणसांच्या चर्चेला जोडून. ही जागा पहिल्यांदा वाचणाऱ्याला विचित्र वाटते. पण माणूस भरतो किंवा वाळतो तो जेवणाइतकाच झोपेमुळे, अशी चरकाची धारणा आहे. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बळ-दुर्बळता, इतकेच काय पण जगणे-मरणेही तो झोपेच्या खात्यावर मांडतो. झोप ही अन्नासारखीच योग्य वेळी, योग्य प्रमाणात आणि माणूस पाहून घ्यायची गोष्ट ठरल्यामुळे तिच्यावरचे उपायही आधी दिनचर्येत शोधले जातात, औषधाच्या डब्यात नंतर.

मन थकले आणि थकलेली इंद्रिये आपापल्या विषयांपासून मागे फिरली की माणूस झोपतो, अशी चरकाची उपपत्ती आहे. सुश्रुत शारीरस्थानात झोपेचा संबंध हृदय आणि तमोगुण यांच्याशी जोडतो : चेतनेचे स्थान असलेले हृदय तमाने व्यापले की झोप येते. चरकाने झोपेचे सहा प्रकार केले आहेत. तमातून येणारी, कफातून येणारी, मनाच्या व शरीराच्या श्रमातून येणारी, आगंतुक, रोगामागून येणारी आणि रात्रीच्या स्वभावाने येणारी. यांतली शेवटचीच खरी पोषक. तिला त्याने भूतधात्री, म्हणजे प्राण्यांची दाई, असे नाव दिले आहे. सुश्रुत वैष्णवी (स्वाभाविक), तामसी आणि वैकारिकी असे तीनच प्रकार मानतो. या वर्गीकरणाचा व्यवहारातला उपयोग एवढाच की प्रत्येक झोप चांगली नसते, आणि फार झोप येणे हीदेखील तक्रार असू शकते. कफाच्या वीस नानात्मज (म्हणजे त्या एकाच दोषातून होणाऱ्या) विकारांत अतिनिद्रा मोजली आहे, तर झोप न येणे वाताच्या ऐंशी विकारांत.

झोप उडण्याची कारणे चरक मोजक्या शब्दांत सांगतो : काम, काळ (यात वय येते), रोग, मूळ प्रकृती आणि वाढलेला वात. सुश्रुत यात पित्त, मनस्ताप, धातुक्षय आणि मार लागणे यांची भर घालतो. कामाचा विचार डोक्यातून न गेल्याने आणि म्हातारपणामुळे झोप कमी होते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही दिसले होते. आलेली झोप दाबणे हेही दोषास्पद आहे. मल, मूत्र, शिंक, भूक यांच्याबरोबर झोपेचा समावेश न रोखायच्या तेरा वेगांत होतो. तो रोखल्यास जांभया, अंग मोडून येणे, डोके आणि डोळे जड होणे अशी लक्षणे सांगितली आहेत, आणि उपाय सांगितला आहे तो झोपणे व अंग चेपून घेणे.

दिवसा झोपावे की नाही, हा ग्रंथांनी सर्वांत बारकाईने हाताळलेला प्रश्न. सरधोपट उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण दिवसाच्या झोपेने कफ व पित्त वाढते. उन्हाळा मात्र अपवाद. तेव्हा रात्री लहान असतात, शरीर कोरडे पडते आणि वात वाढतो, म्हणून ग्रीष्मात दुपारची झोप चालते. त्यानंतर चरक अपवादांची जी यादी देतो ती वाचण्यासारखी आहे : गाण्याने, अभ्यासाने, ओझे वाहून किंवा प्रवासाने थकलेले, अजीर्ण झालेले, जखमी, क्षीण, म्हातारे, मुले, अतिसार, दमा किंवा उचकी यांनी बेजार झालेले, रात्रभर जागलेले, राग, शोक वा भय यांनी गळालेले, आणि दिवसा झोपायची सवयच असलेले. बारा महिने मनाई कुणाला, तर लठ्ठ, रोज भरपूर तूप-तेल खाणारे, कफप्रकृतीचे, कफाचे रोगी आणि दूषीविषाने (अंगात मुरून राहिलेल्या विषाने) पीडित यांना. रात्री जागल्याने शरीर रूक्ष होते, दिवसा झोपल्याने स्निग्ध; बसल्या बसल्या डुलकी काढली तर दोन्ही टळते, असा मधला मार्गही दिला आहे. म्हणजे कचेरीत खुर्चीवर डोळे मिटणाऱ्याला शास्त्राधार आहे. अष्टांगहृदय या ग्रंथाचा कर्ता वाग्भट याने रात्रपाळी करणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट सांगून ठेवली आहे : रात्री जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, झोपावे.

महाराष्ट्रातली वामकुक्षी या मनाईत बसत नाही, असे अनेकांना वाटते. सुश्रुताने जेवणानंतर शंभर पावले चालून डाव्या कुशीवर आडवे व्हायला सांगितले आहे; शतपावली आणि वामकुक्षी हे दोन्ही आचार तिथे एकाच ओळीत भेटतात. ते पडणे आहे, झोपणे नव्हे. पुण्यातली दुकाने एक ते चार बंद ठेवण्याला त्याचा आधार घ्यायचा असेल तर तो फार ताणावा लागेल. डाव्या कुशीवर निजल्याने जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढण्याचे प्रमाण कमी होते, हे आधुनिक निरीक्षणांतही दिसून आले आहे.

झोप आणणाऱ्या उपायांची चरकाची यादी छोटी आणि सगळी ऐहिक सुखाची आहे : तेलाचा अभ्यंग, उटणे, स्नान, मांसरस, दही घातलेला साळीचा भात, दूध, स्निग्ध पदार्थ, मद्य, मनाला सुख, आवडता गंध, आवडते सूर, अंग चेपणे, डोळ्यांचे तर्पण, डोक्याला व चेहऱ्याला लेप, मऊ अंथरूण, चांगली खोली आणि नेमकी वेळ. यांतले मद्य आज झोपेचा उपाय म्हणून सांगता येणार नाही. त्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. दह्याबाबत खुद्द चरकच दुसरीकडे रात्री दही खाऊ नये असे बजावतो, त्यामुळे दहीभात दिवसाच्या जेवणात घ्यावा, असा मेळ घालावा लागतो. दुधांमध्ये म्हशीचे दूध झोपेसाठी श्रेष्ठ मानले आहे, कारण ते गुरू, शीत आणि स्निग्ध. ज्यांना दूध पचत नाही किंवा ज्यांचा कफ आधीच वाढलेला आहे त्यांच्यासाठी ते नाही. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर असावे, हा नियम पचनाच्या प्रकरणात येतो, पण त्याचा फायदा झोपेला होतो. व्याळू दिवेलागणीला उरकण्याची खेड्यातली जुनी रीत याला धरूनच होती. शहरात साडेदहाला जेवून अकराला आडवे होणाऱ्यांनी इतर कुठल्याही उपायाआधी हा एक करून पाहावा.

अभ्यंगाचे फळ सांगताना वाग्भट दृष्टी, पुष्टी, आयुष्य आणि कांती यांच्याबरोबर झोपही मोजतो, आणि डोके, कान व पाय यांना तेल विशेष लावावे असे म्हणतो. अजीर्ण झालेल्याने, कफ वाढलेल्याने व पंचकर्म नुकतेच झालेल्याने अभ्यंग टाळावा. अष्टांगहृदयाची मराठी मुलखाशी जवळीक जुनी आहे : देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात त्यावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्त व हेमाद्री या दोघांच्या टीकांसह तो ग्रंथ छापला. पायाला तेल लावण्याचा आचार घराघरांत टिकला तो काशाच्या वाटीच्या रूपाने. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून वाटीने घासतात. थोड्या वेळात पाय काळे होतात आणि ‘उष्णता निघाली’ असे म्हटले जाते. काळेपणा येतो तो काशातल्या तांब्याची तेलाशी व घामाशी क्रिया होऊन. त्यावरून अंगातली उष्णता मोजता येत नाही. शांतपणे पाय चोळल्याने येणारी सुस्ती मात्र खरी आहे, आणि ती साध्या हाताने चोळूनही येते.

कपाळावर तेलाची संथ धार धरण्याचा शिरोधारा हा उपचार केरळातील वैद्यपरंपरेने नावारूपाला आणला. अष्टांगहृदयात डोक्याला तेल देण्याचे अभ्यंग, सेक, पिचू आणि बस्ती असे चार प्रकार आहेत. शिरोधारा त्यांतल्या सेकाशी, म्हणजे धार धरण्याशी, जुळते. तेलाऐवजी औषधी ताकाची धार धरली तर ती तक्रधारा. उपचार करून घेताना माणूस शांत होतो याबद्दल वाद नाही. हा गुण किती दिवस टिकतो, याबद्दलचे अभ्यास लहान आहेत. योगनिद्रा हा आयुर्वेदाचा उपचार नव्हे. आज शिकवली जाणारी तिची पद्धत विसाव्या शतकात मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी बसवली.

सकाळी लवकर, ब्राह्ममुहूर्ती उठावे, हा दिनचर्येचा पहिला नियम. हा मुहूर्त सूर्योदयापूर्वी सुमारे ९६ मिनिटांनी सुरू होऊन ४८ मिनिटे चालतो. वाग्भट तो निरोगी माणसासाठी सांगतो, हे उपदेश करणारे बहुधा विसरतात. रात्री दीडला झोपून पहाटे पाचला गजर लावणाऱ्याच्या पदरात आयुर्वेद पडत नाही, जागरण पडते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि सकाळचे ऊन डोळ्यांवर घेणे यांचा लाभ आज शरीरातील दैनिक घड्याळाच्या आधारे समजावून देता येतो. या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसाच्या व रात्रीच्या आरंभी कफ, मध्ये पित्त आणि अखेरीस वात असा क्रमही ग्रंथांत आहे. रात्री दहाच्या आत झोपा, नाहीतर पित्ताचा काळ सुरू होऊन पुन्हा तरतरी येते, असे वैद्य सांगतात ते या क्रमावरून. घड्याळाचे काटेकोर तास मात्र अलीकडे बसवलेले आहेत. किती तास झोपावे याचा आकडा चरकाच्या या विवेचनात नाही. प्रौढांनी किमान सात तास, ही आजच्या निद्रावैद्यकाची शिफारस आहे.

औषधांपैकी जायफळ मराठी घरांच्या सर्वांत ओळखीचे. पुरणपोळीनंतर येणारी गुंगी त्याच्या माथी मारतात. पुरण, तूप आणि दुसरी पोळी यांचा वाटा त्यात मोठा असावा. सहाणेवर उगाळलेले दोन-चार वेढे दुधात घेण्याची रीत निरुपद्रवी आहे. जास्त मात्रेत, पाचेक ग्रॅमच्या पुढे, जायफळाने छातीत धडधड, मळमळ आणि भ्रम होतो. बाळगुटीतून तान्ह्यांना ते उगाळून देतात, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाला निजवण्याच्या गरजेने काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्या गिरणगावात आहे : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देत.

अश्वगंधेवर आज सर्वाधिक संशोधन होत आहे. २०२१ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात पाच चाचण्यांचा आणि ४०० व्यक्तींचा एकत्रित आढावा आला. त्यात झोपेवर लहान पण लक्षणीय परिणाम दिसला. यकृताला इजा झाल्याच्या तुरळक नोंदीही आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. गर्भवतींनी ती घेऊ नये. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. जटामांसी मनःशांतीसाठी वापरतात, पण हिमालयात उंचावर वाढणारी ही वनस्पती अतिसंकटग्रस्त आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

सर्पगंधेचा इतिहास सगळ्यांहून बोधप्रद आहे. तिचे मूळ उन्मादावर आणि निद्रानाशावर परंपरेने दिले जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद व रक्तदाब यांवरील उपयोग शास्त्रीय नियतकालिकात मांडला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिझर्पिन वेगळे काढले. ते रक्तदाबावर आणि मनोविकारांवर सर्रास दिले गेले, आणि काही रुग्णांत तीव्र नैराश्य आल्याच्या नोंदी होऊ लागल्यावर मागे पडले. ‘वनस्पतीचे आहे, अपाय काय होणार’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. सर्पगंधेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आयुर्वेदीय निद्राविचाराचे बळ दिनचर्येत आहे : ठरलेली वेळ, हलके जेवण, तेल, स्नान, शांत खोली, निवळलेले मन. बाजार मात्र गोळ्या विकतो आणि दिनचर्येचे पत्रक सोबत फुकट देतो. दीर्घकालीन निद्रानाशासाठी आज जगभर पहिला उपाय म्हणून सुचवली जाते ती वर्तनावर आधारित मानसोपचार पद्धती. उठण्याची ठरलेली वेळ, झोपेखेरीज अंथरुणात न पडणे, झोपेच्या चिंतेवर काम करणे हे तिचे घटक आहेत. दिवसाची डुलकी आवरणे यावर ती आणि चरक यांचे एकमत होते. अंथरुणात जागे पडून राहू नये, झोप येत नसेल तर उठून बसावे, हा तिचा नियम चरकाच्या यादीत नाही आणि तो त्या यादीला जोडून घ्यायला हरकत नाही.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, किंवा झोपेबरोबर जगण्यातला रसही गेला असेल, तर तेल-दुधावर थांबू नये, डॉक्टरांकडे जावे.