कुलाब्याचे तीन परीक्षार्थी

परीक्षेची धास्ती कोचिंग क्लासच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक घेतली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्याच वर्षी उत्तीर्ण झाले. पुढे कॉलेज, वकिली, सरकारी नोकरी अशा सगळ्या वाटा या एका नाक्यावरून जाऊ लागल्या. कोकणात खाजण-वरकस जमिनीवर घर चालत नसे. मुलगा पास झाला तर मुंबईहून मनिऑर्डर येण्याची आशा. त्यामुळे पेपर एकट्या मुलाचा असला, तरी धाकधूक घरभर असे.

१९८१ मध्ये ‘रायगड’ झालेल्या कुलाबा जिल्ह्यात १८९५ ते १९०३ या आठ वर्षांत तीन मुले जन्मली. परीक्षेला तिघेही सामोरे गेले, पण तीन तऱ्हांनी.

पहिला चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, १४ जानेवारी १८९६चा. वडील रोह्याला वकील. १९१२ मध्ये तो मॅट्रिकला विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात नैसर्गिक विज्ञानाची पदवी घेतली, वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या स्पर्धेतही पहिला क्रमांक काढला. ही परीक्षा तेव्हा लंडनलाच होई. हिंदुस्थानातही केंद्र मिळाले ते १९२२ मध्ये, म्हणजे हिंदी मुलाने फी भरण्याआधी बोटीचे भाडे जमवायचे. त्यात महायुद्ध पेटलेले, समुद्रात पाणबुड्या फिरत होत्या. एवढे सगळे पणाला लावून परीक्षेला बसणाऱ्या देशमुखाचे बळ अभ्यासाच्या गोडीत होते. संस्कृत त्याने मार्कांपुरते ठेवले नाही. रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर होण्यापर्यंत मजल मारलेल्या या माणसाने कालिदासाचे ‘मेघदूत’ही मराठीत आणले.

दुसरा त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेला विनायक नरहरी भावे. वडिलांच्या नोकरीपायी घर बडोद्याला गेले. मुलगा गणितात तरबेज, तेव्हा नापास होण्याची भीती नव्हतीच. तरी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत घातली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीची वाट धरली. परीक्षेला जात नाही, एवढे त्याने घरी पत्राने कळवले. ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटला आणि पुढे विनोबा म्हणून ओळखला जाऊ लागला. पेपर टाळणारे पुष्कळ असतात. पण सोडवता येणारा पेपर विचारपूर्वक सोडून देणारा विरळा.

तिसऱ्याला मात्र असे सोडून देणे परवडणारे नव्हते. सावित्रीच्या खाडीवरचे दासगाव हे बोटी लागण्याचे बंदर. तिथे वाढलेल्या, १९०३ मध्ये जन्मलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे याने अकराव्या वर्षी अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि ती मिळवली. खरी परीक्षा निकालानंतर सुरू झाली. मुलगा अस्पृश्य, म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. पोराने गप्प न बसता दाद मागितली आणि शाळेला त्याला घ्यावे लागले; मात्र बसायची जागा इतरांपासून वेगळी. गुणपत्रिकेने अर्धेच दार उघडले होते, उरलेले त्याला स्वतः ढकलावे लागले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली आणि तिच्या अखेरीस लोक चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले, त्या परिषदेच्या आयोजकांत हाच मोरे अग्रभागी होता.

देशमुखामागे वकिलाचे घर होते, भाव्यामागे बडोद्याच्या नोकरीचा पगार. हे दोघे निश्चिंत राहू शकले, त्यात घरच्या बळाचाही वाटा होता. मोऱ्याला तो आधार नव्हता; पेपर कितीही चांगला गेला, तरी पुढे कोणी अडवील हे त्याला गृहीत धरावेच लागे. म्हणून ‘घाबरू नकोस, शांत राहा’ हा सल्ला तिघांना सारखाच लागू पडला नसता.

दासगावहून मुंबई-गोवा महामार्गाने मुंबईकडे निघाले की थोड्याच अंतरावर लोणेरे लागते. तिथे आता बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. एमएचटी-सीईटीच्या हंगामात रोहा, माणगाव, श्रीवर्धनची मुले तिथल्या जागांचा हिशेब करीत पर्सेंटाइल मोजत असतात आणि घरात त्यांच्याइतकीच जागी असतात त्यांची आईवडील मंडळी.