पुन्हा, म्हणजे किती वेळा?

मेक्सिकोच्या ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’चे इंग्रजी नाव ‘रीफ्राइड बीन्स’. ते प्रमाण मानून मी राजमा उकडला, परतला आणि नावाला जागायचे म्हणून पुन्हा परतला. सौ.ने कढईत डोकावून विचारले, "हे दंतमंजन का?"

मग पुस्तके चाळली. मेक्सिकन बोलीतला हा ‘रे’ म्हणजे ‘पुन्हा’ नव्हेच. ‘चांगला, अगदी मनापासून’! भाषांतराच्या घोटाळ्यात माझी कढई गेली.

राजमा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत हजारो वर्षांचा. ज्या चरबीत तो परततात ती देणारी पाळीव डुकरे मात्र स्पॅनिश लोकांनी नेलेली. १५२१ साली त्यांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी घेतली. राज्य गेले, देवळे पाडली गेली. राजमा तेवढा टिकला, चरबीत परतून घेऊन!

त्याच जागी आज मेक्सिको सिटी आहे, सुमारे २,२४० मीटर उंचीवर. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते. राजमा शिजता शिजत नाही. यावर तोड निघाली ती पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या हंड्यातून. १६७९ साली त्याने हाडे मऊ करायला घट्ट झाकणाचे भांडे केले. तोच आपल्या कुकरचा पणजोबा. आतली वाफ १२० अंशांपर्यंत तापते.

परवा रात्रभर भिजवलेला राजमा कुकरात मऊ केला, पळीने घोटला, कांद्यावर एकदाच खरपूस परतला; चरबीऐवजी तेलात. सौ.ने काही न बोलता पुन्हा वाढून घेतला.

‘पुन्हा’ची खरी जागा ती!