हरमल
हरमल किंवा आरंबोल हे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील अरबी समुद्राकाठचे मच्छीमारांचे गाव आहे. कळंगुट, हणजूण गजबजल्यावर स्वस्त, शांत मुक्काम शोधणारे परदेशी प्रवासी येथे येऊ लागले आणि गावकऱ्यांच्या घरांतील खोल्या भाड्याने मिळू लागल्या. म्हापशाहून बसने येणे सर्वांत कमी खर्चाचे; पेडणे रेल्वे स्थानक आणि २०२३ पासून मोपा विमानतळही जवळ आहेत. हिवाळ्यातील सौम्य लाटा नवख्यांना सर्फिंग शिकण्यास सोयीच्या असतात, पावसाळ्यात मात्र समुद्र धोकादायक असतो. उत्तरेकडील टेकडीलगत, समुद्रापासून काही पावलांवरच, गोड्या पाण्याचे तळे आहे. किनाऱ्यावरील हंगामी झोपड्या पावसाळ्यापूर्वी उतरवाव्या लागतात. गिरकरवाड्यातील बेकायदा पक्क्या बांधकामांचा प्रश्न मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला.