सही, शिक्का आणि साक्ष

थोरामोठ्यांच्या हस्ताक्षराला मोल आले की त्या मोलाच्या पाठोपाठ नक्कल येते, ही रीत इंटरनेटहून फार जुनी आहे. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैरागसारख्या बाजाराच्या गावी बसून आज कोणीही मोबाइलवरून एखाद्या क्रिकेटपटूच्या सहीची बॅट घरपोच मागवू शकतो आणि ती हाती पडल्यावर सही हातची की छापील या शंकेने हैराण होऊ शकतो. परंतु ज्या मुलखात तो राहतो त्या मुलखाने कागदांच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यात कित्येक पिढ्या घालविल्या आहेत, आणि त्या अनुभवाचे सार त्याच्याही कामी येण्यासारखे आहे.

पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण ही वतने वंशपरंपरेची, विकता-वाटता येण्याजोगी आणि म्हणूनच कायमच्या तंट्याची असत. कज्जा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे, महजर होई, आणि त्याखाली साक्षीदार आपापली निशाणी करीत: पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. चार रेघांचा नांगर कोणालाही काढता आला असता. तरी तो प्रमाण ठरे, कारण तो भरसभेत काढलेला असे आणि काढणाऱ्याच्या तीन पिढ्या ओळखणारी माणसे तेथे बसलेली असत.

दरबारी कागदांची व्यवस्था याहून कडेकोट होती. शिवछत्रपतींच्या पत्रांत मजकूर चिटणिशी कारकुनाच्या हातचा असे. माथ्यावर मुद्रा उमटे, अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब होई. मोर्तब मजकुराला लागूनच असल्यामुळे मागाहून एखादी ओळ घुसडण्यास जागाच उरत नसे. पत्र दफ्तरी नोंदले गेल्याची ‘बार सूद’ अशी खूण त्यावर पडे. स्वतः राजाचे अक्षर कागदावर येणे हा अपवाद. संभाजी महाराजांनी 1680 साली बाकरेशास्त्र्यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रावर त्यांच्या स्वहस्ताक्षरातील संमती आढळते, आणि म्हणूनच अभ्यासकांना त्याचे एवढे अप्रूप.

इतका बंदोबस्त असूनही बनावट सनदा निपजल्याच, कारण एका सनदेवर अख्ख्या गावाचा वसूल अवलंबून असे. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा इनामदारांनी पुढे केलेल्या सनदा पुण्याच्या पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. सनद खरी असूनही नोंद न सापडल्यास इनाम धोक्यात येई, म्हणून या चौकशीने लोकांत मोठा असंतोष माजला. पण कागदाच्या रूपावर न भुलता त्याचा माग शोधावा, ही तिची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती.

याच पद्धतीचे एक थोर उपासक काही काळ सोलापूरचे कलेक्टर होते, हा योगायोग आम्हां जिल्हेकरांस विसरता येण्याजोगा नाही. जॉन फेथफुल फ्लीट यांनी 1901 साली ‘इंडियन अँटिक्वरी’त बनावट ताम्रपटांची व शिलालेखांची मोठी यादीच मांडली. अक्षरवळण दाखविलेल्या काळाहून उत्तरकालीन आहे काय, तिथी आणि वार जुळतात काय, वंशावळ इतर लेखांशी मिळते काय, या त्यांच्या कसोट्या. पश्चिम गंगांच्या ताम्रपटांविषयीचा त्यांचा कठोर निर्णय पुढच्या विद्वानांनी सरसकट मान्य केला नाही, यावरून संशयालाही पुराव्याची मर्यादा असावी लागते हे दिसते. मोडी पत्रांसही हाच न्याय लागू पडतो: राज्याभिषेक शकाचा आरंभ 1674 चा, तेव्हा त्याआधीच्या पत्रात तो शक आला तर दुसऱ्या परीक्षेची गरजच नाही.

सहीला थेट दाम लावण्याची प्रथा अर्वाचीन. गांधीजी हरिजन फंडासाठी प्रत्येक स्वाक्षरीमागे पाच रुपये घेत. पण तेथे घेणारा समोर उभा असे, म्हणून शंकेला वाव नव्हता. खरेदीदार आणि सही करणारा यांच्यामध्ये दलालांची रांग उभी राहिली तेव्हा फसवणुकीचा कारखाना सुरू झाला. 1990 च्या दशकाअखेर अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत जी टोळी पकडली तिच्याकडे मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते, आणि अशा मालासोबत खरेपणाची दिमाखदार प्रमाणपत्रेही दिली जात. प्रमाणपत्र हाही अखेर एक कागदच.

म्हणून विकत घेणाऱ्याने सहीच्या फर्ड्या वळणावर न जाता ती कोठे, केव्हा, कोणासमोर झाली आणि तेथून आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली हे विचारावे; त्याच काळातील निर्विवाद नमुन्यांशी ती ताडावी; दोन सह्या रेघेला रेघ जुळल्या तर संतोष न मानता छाप किंवा यंत्राचा संशय घ्यावा. वस्तू खोटी निघाल्यास जाहिरात, पावती व विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवून पैसे परत मागावेत, आणि ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर 1930 या क्रमांकावर तक्रार तत्काळ नोंदवावी. ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांहून जुने असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, हेही ध्यानी असावे. ज्या सहीमागे एकही साक्ष उभी राहत नाही तिची किंमत चित्राइतकीच धरावी, आणि आपला संशय पक्का झाला असता ती खरी म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. कारण तसे केल्यास फसलेला गिऱ्हाईक त्याच दलालांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.