वाघोलीची एक दिवसाची सहल

इंग्लंडातील शहरी शाळांची मुले दिवसभरासाठी खेड्यात नेण्याची चाल जुनी आहे. गावच्या चर्चमध्ये जुन्या सरदारांच्या थडग्यांवर पितळी पत्रे बसविलेले असतात. मुले त्यांवर कागद पसरून वरून मेणाची कांडी घासतात, आणि चिलखत घातलेला योद्धा कागदावर उमटतो. पुण्याच्या विद्यार्थ्यांना असा योद्धा भेटावयास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. नगरच्या रस्त्याने सुमारे १५ किलोमीटर गेले की वाघोली लागते.

तळ्याकाठी वाघेश्वराचे दगडी शिवालय आहे. मुले देवदर्शन घेतात, सावलीत शिदोरी सोडतात. मग पिलाजीराव जाधवरावांच्या समाधीपाशी येतात आणि तेथे वर्गातला हुशार मुलगाही गप्प होतो. दोष त्याचा नव्हे. शालेय पुस्तकात पेशवा असतो, लढाई असते, सनावळी असते. पेशव्याच्या जोडीने ज्याने घोडा घातला त्याला मात्र ओळभरही जागा मिळत नाही.

वस्तुतः हा पुरुष बाजीरावाच्या मोहिमांतला खंदा सरदार. छत्रसालाच्या हाकेवरून १७२९ साली बाजीराव बुंदेलखंडात धावला तेव्हा पिलाजीराव त्याच्या फौजेत होते. पण मुलांना सांगावयाची गोष्ट १७३७ सालची. मल्हारराव होळकर, पिलाजीराव व विठोजी बुळे यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरले, आणि सादतखानाने त्यांना मागे रेटले. खानाने बादशहास कळविले की, मराठे पळाले! हा डौल खोटा पाडण्यासाठी बाजीराव लांब लांब मजला मारीत थेट दिल्लीच्या वेशीवर उभा राहिला. दिल्लीची धडक पुस्तकात येते. तिच्या आधीची ही माघार गाळली जाते, आणि मग बाजीराव दिल्लीस गेलाच कशाला, हे मुलाला कळत नाही.

पिलाजीराव १७५१ साली वारले. सासवडच्या वाटेवरील त्यांच्या जाधवगडात आता पैसेवाल्या पाहुण्यांसाठी हॉटेल थाटले आहे. किल्ला पडून राहण्यापेक्षा बरे, असे कोणी म्हणेल, म्हणोत बापडे. वाघोलीची समाधी मात्र कोणालाही फुकट पाहता येते.

सहल म्हटली की मुलांना शेते, विहिरी, मोट पाहावयाची हौस. ती वाघोलीस आता फारशी फिटत नाही. येथल्या खाणींची खडी पुण्याच्या इमारतींत गेली, पाठोपाठ इमारतीच येथे आल्या, आणि २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेत सामील झाले. देवळासमोरून मोटारींची रांग हलता हलत नाही.

म्हणून सहलीचा दुसरा प्रहर तुळापुरास द्यावा. लोणीकंद मागे पडल्यावर उसाचे मळे दिसू लागतात. तुळापुरास भीमा व इंद्रायणी यांचा संगम आहे. संभाजी महाराजांचा १६८९ साली येथेच वध झाला असे सांगतात. हा सन मात्र मुलांना कोणी सांगावा लागत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर ती आपण होऊन चपला काढतात.