पंतप्रधान झाल्या

‘इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या.’ या वाक्यात बाई दोन जागी दिसते, नावात आणि क्रियापदात. मधला ‘पंतप्रधान’ जागचा हललेला नाही. शास्त्री पंतप्रधान झाले, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. ‘ले’चं ‘ल्या’ करून मराठीने एवढी मोठी घटना पचवली. पंतप्रधाना नाही, पंतप्रधानी नाही, पंतप्रधानीण तर नाहीच.

घटना मोठी होती आणि तिची तऱ्हाही वेगळी. लालबहादूर शास्त्री ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये वारले. गुलझारीलाल नंदांनी हंगामी कारभार सांभाळला. सार्वत्रिक निवडणूक वर्षभर लांब होती, त्यामुळे नवा पंतप्रधान पक्षाच्या बैठकीतच ठरायचा होता. १९ जानेवारीला काँग्रेसच्या खासदारांनी संसदीय पक्षाचा नेता निवडायला मतं टाकली. इंदिरा गांधींना ३५५, मोरारजी देसाईंना १६९. २४ तारखेला शपथविधी उरकला. जगात याआधी एकच बाई या पदावर बसली होती, सिलोनच्या सिरिमाओ बंदरनायके, जुलै १९६० मध्ये.

आता तो न हललेला शब्द. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी दरबारातली फारसी पदनामं बदलून संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि पेशव्याचा पंतप्रधान. पहिला मान मोरोपंत पिंगळ्यांचा. गंमत अशी की रयतेने हा शेवटचा बदल कागदावरच ठेवला. लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला, पुढे त्याची पेशवाई झाली, पेशवाई पगडी झाली. ‘पंतप्रधान’ दप्तरात पडून होता. वर्तमानपत्रांना दिल्लीच्या आणि लंडनच्या पहिल्या मंत्र्यासाठी शब्द हवा झाला तेव्हा तो झटकून बाहेर काढला गेला. हिंदीने ‘प्रधानमंत्री’ केला, मराठीने आपल्या घरातला जुनाच वापरला.

त्यातला ‘पंत’ म्हणजे ‘पंडित’ झिजून झालेला, असं मानतात. हा पक्का पुरुषाचा. मोरोपंत, गोविंदपंत, आणि आमच्या शेजारी अंबाजोगाईचे पासोडीवाले दासोपंत. बाईच्या नावापुढे ‘पंत’ लागलेला कोणी ऐकला नसेल. पण ‘प्रधान’चं तसं नाही. संस्कृतात तो नपुंसकलिंगी आहे. राज्याच्या मोठ्या अधिकाऱ्याला प्रधान म्हणताना अमरकोशानेही तो नपुंसकलिंगातच ठेवला. आणि सांख्यांकडे गेलात तर ‘प्रधान’ म्हणजे चक्क प्रकृती, जिच्यातून सगळं जग निपजतं ती. पुरुष तिथे नुसता बघत बसलेला असतो. म्हणजे ‘पंतप्रधान’ या एका शब्दात पुढचा अर्धा पुरुष आणि मागचा अर्धा प्रकृती! व्युत्पत्तीच्या नादात माणूस कुठवर वाहवत जातो याचा हा नमुना म्हणून सोडून द्या हवं तर. मला मात्र तो सोडवत नाही.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजला हा शब्द उशिराच आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख. कचेरीची भाषा उर्दू, आणि राज्याच्या पहिल्या मंत्र्याला म्हणायचे दिवाण, पुढे सदर-ए-आझम. पंतप्रधान हा पलीकडच्या मुलखाचा मामला. दोघांची गाठ आमच्याच जिल्ह्यात, गेवराईजवळ राक्षसभुवनला पडली होती, १० ऑगस्ट १७६३ ला. एका बाजूला पंतप्रधान माधवराव, दुसऱ्या बाजूला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर. दिवाण त्या लढाईत पडला. नावावरून कळेल की तोही आपल्यातलाच होता. पदाचं नाव फारसी, माणूस मराठी. आणि समोरच्या माणसाला सगळे पेशवा म्हणत, तेही फारसीच. ‘पेश’ म्हणजे पुढे. पुढे चालतो तो पेशवा, साहेबापुढे कागद ठेवतो तो पेशकार. जुन्या लोकांच्या बोलण्यात दुसरा शब्द जास्त यायचा, कारण काम त्याच्याशीच पडायचं. आजही इथे शेतकऱ्याची ‘पंतप्रधाना’शी भेट पेपरात होते, पंचायत समितीच्या पाटीवर आणि पीकविम्याच्या अर्जावर ‘प्रधानमंत्री’ असतो, तर खात्यात जमा होतं ते ‘पीएम किसान’चं. एकाच माणसाची तीन नावं, आणि तिन्ही घेताना कोणी अडखळत नाही.

या पदाचं आणखी एक नाव आपल्या घरोघरी आहे, बुद्धिबळाच्या पटावर. राजाशेजारचा वजीर. पर्शियात तो ‘फर्जीन’ होता, तिरका एकेक घर सरकणारा सावध सल्लागार. हा खेळ युरोपात गेला आणि हजारेक वर्षांपूर्वी तिथे या सल्लागाराची राणी झाली. मग पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमध्ये राणी इसाबेलाचं राज्य असताना, तिच्या चाली वाढल्या आणि पटावरचं सगळ्यांत जबर मोहरं तीच ठरली. आपल्याकडे ते जबरपण आलं, पण नाव वजीरच राहिलं, ‘तो वजीर’. पटावर बाई आहे हे मराठी पोरांना इंग्रजी पुस्तक हातात घेतल्यावर कळतं.

मग मराठीने पंतप्रधानाचं स्त्रीलिंगी रूप का केलं नाही? आपल्याकडे प्रत्ययांची वाण नाही. वाघ-वाघीण, सोनार-सोनारीण, मालक-मालकीण. पण हा ‘-ईण’ पदाला लागला की घोटाळा होतो. पाटलीण म्हणजे पाटीलकी चालवणारी नव्हे, पाटलाची बायको. देशमुखीण, वकिलीण तशाच. ‘मास्तरीण’ने तेवढी या वळणातून सुटका करून घेतली, बायका वर्गात शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा त्या शब्दाचा अर्थच पालटला. ‘डॉक्टरीण’ अजून मध्येच लोंबकळते. तालुक्याच्या गावात ‘डॉक्टरीणबाई आल्यात’ असं ऐकलं तर तपासायला आल्यात की हळदीकुंकवाला, हे विचारावं लागतं. ‘पंतप्रधानीण’ म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, कोणत्या पंतप्रधानांची? इंदिरा गांधींच्या बाबतीत तर लोक आधीच कोणाची मुलगी हे विचारत होते, त्यात ही भर.

‘-ईण’चा एकच शब्द मला या पदाच्या जवळ जाणारा वाटतो, आणि तो दिल्लीचा नाही, आपल्या चुलीपाशचा आहे. खेड्यात नवरा बायकोला ‘कारभारीण’ म्हणतो, ती त्याला ‘कारभारी’. मूळ दरबारचा शब्द. सखारामबापू, नाना फडणीस हे पेशव्यांचे कारभारी. ‘कार’ म्हणजे काम, त्याला ‘भार’ जोडलेला. (‘वजीर’ हाही काही कोशांच्या मते ओझं वाहणाराच.) राज्याच्या मंत्र्याचं नाव जोडप्याने एकमेकांना कधी वाटून घेतलं कोण जाणे, पण ते वाटून घेताना बाईलाही पुरतं दिलं. कारभारीण ही कारभाऱ्याची बायको असते आणि कारभारही तीच करते. दाणागोटा कुठे आहे, कोणाचं देणं राहिलंय, हे तिलाच ठाऊक. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ इंदूरचं राज्य चालवलं, त्याला मराठीत ‘कारभार’च म्हणतात. पण वर्तमानपत्रात ‘देशाची कारभारीण’ लिहिलं की लगेच कौतुकाचा, किंचित खालच्या पट्टीतला सूर लागतो. शब्द चांगला, पण घरचे कपडे घालून आलेला. म्हणून शपथविधीला त्याला कोणी बोलवत नाही.

नेतेपदाच्या भाषेतही असंच आहे. ‘नेता’चं संस्कृत स्त्रीलिंग ‘नेत्री’. अभिनेता-अभिनेत्री सहज चालतं, आणि ‘नेत्री’ मात्र मराठीत रुजली नाही. मग मराठी बातमीदारांनी एक न्यारा शब्द काढला: ‘नेत्या’. ‘पक्षाच्या नेत्या म्हणाल्या.’ ‘चांगले’चं आदरार्थी ‘चांगल्या’ होतं तसं ‘नेते’चं ‘नेत्या’. त्याचं एकवचन शोधायला जावं तर हाती काही लागत नाही. ‘ती नेती’ असं कोणी म्हणत नाही. आदर दिला तरच जो शब्द अस्तित्वात येतो, असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. व्याकरणाचे मास्तर नाकं मुरडतील, मला तो शब्द आवडतो.

नेता बदलला की आपण म्हणतो, पदाची माळ अमक्याच्या गळ्यात पडली. ही माळ वरमाला नव्हे, कहाणीतली आहे असं मला वाटतं. श्रावणातल्या कहाण्यांत राजा निपुत्रिक मरतो, मग हत्तिणीच्या सोंडेत माळ देऊन तिला नगरात सोडतात. ती ज्याच्या गळ्यात घालेल तो राजा. माळ घालणारी हत्तीण, गळा मात्र दरवेळी पुरुषाचा. १९६६ ची हत्तीण म्हणजे तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष कामराज आणि पक्षातली त्यांची जुनी मंडळी. त्यांना वाटलं, ही बाई ऐकण्यातली आहे. राममनोहर लोहियांनी तर तिला ‘गूंगी गुडिया’ ठरवूनच टाकलं. १९६९ ला काँग्रेस फुटली आणि माळ घालणारेच मिरवणुकीबाहेर राहिले.

पद जाण्याचे शब्द मात्र सगळे भोयांच्या तोंडचे. ‘खांदेपालट’ म्हणजे पालखीचा दांडा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देणं, ‘पायउतार’ म्हणजे वाहनावरून उतरून पायी चालू लागणं. मंत्रिमंडळाच्या बातमीत हे शब्द येतात तेव्हा पालखी कोणाला दिसत नाही. दिसली तर पहिला प्रश्न असा पडेल की खांदा भोयाचा पालटतो, आत बसलेल्याचं काय?

पदनामाचा खरा खल झाला तो २००७ मध्ये. जळगावच्या प्रतिभाताई पाटील २५ जुलैला राष्ट्रपती झाल्या. ‘पती’ शब्द बाईला कसा लावायचा, यावर महिनाभर चर्चा रंगली. ‘पती’ म्हणजे आधी स्वामी, नवरा मागाहून. सेनापती आणि लखपती यांचं लग्न कोणी विचारत नाही. शेवटी शब्द तसाच राहिला आणि क्रियापद बदललं. पण खाली गावात त्याच ‘पती’ने वेगळाच उद्योग केला. ग्रामपंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या आणि ‘सरपंचपती’ जन्माला आला. पाटलीण नवऱ्याच्या पदावरून ओळखली जायची, हा गडी बायकोच्या पदावरून ओळखला जातो. एवढ्यावर खूश व्हायचं तर होता येईल, फक्त ग्रामपंचायतीत खुर्चीवर कोण बसलंय ते पाहू नये.

पदाचा शब्द बाईला सामावून घेत नाही म्हणून असेल, आपण तिला नात्यात बसवतो. बीडमधून तीनदा लोकसभेत गेलेल्या केशरबाई क्षीरसागर सगळ्या जिल्ह्याला केशरकाकू. गोव्यात १२ ऑगस्ट १९७३ ला दयानंद बांदोडकर गेले, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची आणि मुख्यमंत्रिपदाची सूत्रं त्यांची कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे आली. पक्षातल्या बदलातून मराठी बाई मुख्यमंत्री झाली ती अशी, गोव्यात. महाराष्ट्रात तो योग अजून आलेला नाही. बांदोडकर लोकांचे भाऊ होते आणि त्यांची मुलगी ताई. राजकारणातली नाती वंशावळीला विचारून ठरत नाहीत. जपानमध्ये ४ ऑक्टोबर २०२५ ला सानाए ताकाईची यांची पक्षाध्यक्षपदी निवड झाली आणि २१ तारखेला त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्यांना इथे कोणी ताई म्हणालं नाही, ‘महिला’ मात्र पदाला चिकटलीच. ‘पुरुष पंतप्रधान’ असं आजवर एकदाही छापून आलेलं पाहिलं नाही.

या सगळ्यात केजचं गणित निराळं आहे. हा विधानसभेचा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव, बायकांसाठी नव्हे. १९९० पासून डॉ. विमल मुंदडा पाच वेळा निवडून आल्या, राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. पोटनिवडणुकीत पृथ्वीराज साठे आले, २०१४ ला संगीता ठोंबरे, २०१९ पासून विमलताईंच्या सूनबाई नमिता मुंदडा. मधली दोन-अडीच वर्षं सोडली तर केजची आमदारकी बायकांकडेच. त्यामुळे इथे ‘महिला आमदार’ म्हणायची कोणाला गरज वाटत नाही. बसस्टँडजवळच्या फलकावर ‘आमदार’ असतं, बोलण्यात ‘ताई’. कोणी हौसेने ‘आमदारीण’ म्हटलंच, तर ऐकणारा आधी त्यांच्या मालकांचं नाव विचारेल आणि ते कोणत्या मतदारसंघातून निवडून आले, हेही विचारेल.